लुडविग कॉख

लुडविग कॉख (जन्म : १३ नोव्हेंबर १८८१, फ्रँकफर्ट, जर्मनी, मृत्यू : ४ मे १९७४, लंडन, इंग्लंड) हे वन्यजीवांच्या ध्वनिमुद्रणाचे आद्य प्रवर्तक, गायक आणि नभोवाणीवरील निसर्गविषयक वक्ते होते. १८८९ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी मेणाच्या नळकांड्यावर शामा या भारतीय पक्ष्याचे गाणे मुद्रित केले. पक्ष्याच्या गाण्याचे हे जगातील सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण मानले जाते. नाझी राजवटीमुळे त्यांना मायदेश सोडावा लागला. त्यानंतर इंग्लंडमध्ये त्यांनी उभारलेल्या ध्वनिसंग्रहातून बीबीसीच्या निसर्गविषयक ध्वनिग्रंथालयाचा पाया घातला गेला. आज संगणकावर पशुपक्ष्यांच्या आवाजांच्या धारिका जपून ठेवण्याची जी शिस्त रूढ झाली आहे, तिच्या पूर्वेतिहासात कॉख यांचे नाव आरंभी घ्यावे लागते.

बालपण

कॉख यांचा जन्म फ्रँकफर्ट येथील एका सुस्थितीतील ज्यू कुटुंबात झाला. घरात संगीताची आवड होती. लहानपणी ते व्हायोलिन शिकले. विख्यात पियानोवादिका क्लारा शूमान या काळात फ्रँकफर्टमध्ये राहत असत आणि त्यांच्या भोवतीच्या संगीतप्रेमी मंडळींत या मुलाचा वावर होता. संगीताइतकीच त्याला प्राण्यांचीही ओढ होती. घरात त्याने अनेक पशुपक्षी पाळले होते.

थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. बारा वर्षांनी, १८८९ मध्ये, लुडविगच्या वडिलांनी लाइपझिगच्या जत्रेतून या यंत्राचा एक नमुना आणि मेणाची कोरी नळकांडी मुलासाठी आणली. कर्ण्यात शिरलेल्या आवाजाने पडदा कंप पावे, पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर चर कोरी, आणि त्याच चरावरून सुई पुन्हा फिरवली की तोच आवाज ऐकू येई. इतर मुलांनी अशा यंत्रात घरच्या माणसांचे बोलणे भरले असते. लुडविगने यंत्राचा कर्णा आपल्या पिंजऱ्यातील पक्ष्याकडे वळवला.

तो पक्षी शामा होता. काळे डोके व पाठ, तांबूस पोट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा आणि लांब शेपूट असलेला हा पक्षी दयाळाचा जवळचा नातलग असून उत्तम गायक म्हणून प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात तो सह्याद्रीच्या दाट झाडीत आढळतो. त्या काळी गोड गळ्यामुळे भारतातून व आग्नेय आशियातून शामा पकडून युरोपात पाठवले जात. अशा प्रकारे जगातील पहिल्या ज्ञात पक्षिगीताच्या मुद्रणात आवाज उमटला तो परदेशी पिंजऱ्यात अडकलेल्या पूर्वेकडील एका जंगली पक्ष्याचा. आज भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशा पक्ष्यांना पकडणे व पाळणे हा गुन्हा आहे.

संगीत आणि पहिले महायुद्ध

तरुणपणी कॉख यांनी गायनाचे शिक्षण घेतले आणि गीत व धर्मसंगीत गाणारे गायक म्हणून नाव मिळवले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ही कारकीर्द अकाली संपली. फ्रेंच भाषेवर प्रभुत्व असल्याने युद्धकाळात त्यांची नेमणूक लष्करी गुप्तवार्ता विभागात झाली. युद्धानंतर काही वर्षे त्यांनी जर्मन शासनासाठी काम केले. युद्धकैद्यांना मायदेशी परत आणण्याचे कामही त्यांच्याकडे होते. पुढे १९२७ मध्ये फ्रँकफर्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संगीत प्रदर्शनाच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला.

गायकाची कारकीर्द हुकली तरी गायकाचा कान त्यांच्याजवळ राहिला. स्वर, लय, श्वास आणि विराम यांची जाण असल्यामुळे पक्ष्याचे गाणे कोठे सुरू होते, कोठे संपते आणि कोणता भाग त्या जातीचे खरे वैशिष्ट्य दाखवतो, हे त्यांना इतरांपेक्षा लवकर उमगत असे.

ध्वनिग्रंथांची कल्पना

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे मायक्रोफोन व ध्वनिवर्धक ध्वनिमुद्रणात आले. मंद आवाजही आता स्पष्ट टिपता येऊ लागला. १९२८ मध्ये एका ग्रामोफोन कंपनीने आपल्या सांस्कृतिक विभागाची जबाबदारी कॉख यांच्यावर सोपवली. येथे त्यांनी ध्वनिग्रंथ ही नवी कल्पना मांडली. सचित्र पुस्तक आणि त्यासोबत ग्रामोफोनच्या तबकड्या असे त्याचे स्वरूप होते. वाचकाने पक्ष्याचे चित्र पाहावे, त्याविषयी वाचावे आणि लगेच त्याचा आवाजही ऐकावा, असा त्यामागचा हेतू होता.

बर्लिन प्राणिसंग्रहालयाचे संचालक लुट्झ हेक यांच्यासोबत त्यांनी प्राण्यांच्या आवाजांवर काम केले. प्राणिवर्तनशास्त्राचे एक आद्य अभ्यासक ओस्कर हाइनरोथ यांच्यासोबत त्यांनी केलेला पक्षिगीतांचा ध्वनिग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. याच काळात त्यांनी यंत्रे घराबाहेर नेऊन मोकळ्या रानातील पक्ष्यांचे आवाज मुद्रित करण्यास आरंभ केला.

या क्षेत्रात ते एकटे नव्हते. इंग्लंडमध्ये चेरी कीर्टन यांनी १९०० मध्ये रानातील पक्ष्यांचे आवाज मेणाच्या नळकांड्यावर टिपले होते. १९२४ मध्ये बीबीसीने चेलोवादिका बीट्रिस हॅरिसन यांच्या बागेतून नाइटिंगेलच्या गाण्याचे प्रक्षेपण केले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर ॲलन व त्यांचे सहकारी यांनी १९२९ मध्ये बोलपटाच्या तंत्राने पक्ष्यांचे आवाज नोंदवले. मात्र शास्त्रज्ञाचे अचूक वर्णन आणि उत्तम मुद्रण यांची सांगड घालून ते सामान्य वाचकाच्या हाती देण्याचे काम कॉख यांनी सातत्याने केले.

देशत्याग

१९३३ मध्ये नाझी पक्ष सत्तेवर आला. ज्यू असल्यामुळे कॉख यांचे जर्मनीतील जीवन दिवसेंदिवस असुरक्षित होत गेले. १९३६ च्या आरंभी व्याख्यानांच्या निमित्ताने ते स्वित्झर्लंडला गेले असता त्यांनी जर्मनीत न परतण्याचा निर्णय घेतला आणि ते इंग्लंडला पोहोचले. तेव्हा त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. परक्या देशात, परक्या भाषेत त्यांना सर्व काही नव्याने सुरू करावयाचे होते. अनेक वर्षांचे बरेचसे काम मागे राहिले होते. छापील पुस्तक अनेक घरांत असते, त्यामुळे ते सहसा पूर्णपणे नष्ट होत नाही. मूळ मुद्रण मात्र एकाच जागी असते, आणि ती जागा हातची गेली की आवाजही जातो. हा धडा कॉख यांना स्वतःच्या आयुष्यातून मिळाला.

इंग्लंडमध्ये त्यांना काही मोलाची माणसे भेटली. प्राणिशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली, पक्षिअभ्यासक मॅक्स निकल्सन आणि पक्षिविषयक नियतकालिकाचे संस्थापक व प्रकाशक हॅरी विदर्बी यांनी त्यांच्या कल्पनेचे महत्त्व ओळखले. विदर्बी यांनी ध्वनिग्रंथ प्रकाशित करण्याची तयारी दाखवली. वसंत ऋतू हाच पक्ष्यांच्या गाण्याचा काळ असल्याने कामाला विलंब करून चालणार नव्हते. निकल्सन यांच्यासोबत केलेला ‘साँग्ज ऑफ वाइल्ड बर्ड्‌स’ हा ध्वनिग्रंथ त्याच वर्षी, म्हणजे १९३६ मध्ये, प्रसिद्ध झाला आणि लोकप्रियही ठरला. त्याचा पुढील भाग १९३७ मध्ये निघाला. १९३८ मध्ये हक्स्ली यांच्यासोबत ‘ॲनिमल लँग्वेज’ हा प्राण्यांच्या आवाजांविषयीचा ध्वनिग्रंथ आला. बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांच्या निमंत्रणावरून त्यांनी लाकेन येथील राजोद्यानातील पक्ष्यांचेही ध्वनिमुद्रण केले.

ध्वनिमुद्रणाची पद्धत

त्या काळातील क्षेत्रीय ध्वनिमुद्रण हे अत्यंत कष्टाचे काम होते. तबकडी कोरणारे यंत्र व त्याची विद्युतसामग्री इतकी जड होती की ती मोठ्या मोटारगाडीतूनच न्यावी लागे. गाडी झाडीत जाऊ शकत नसे. ती जवळच्या रस्त्यावर उभी करून तेथून लांबच लांब तारा रानात ओढाव्या लागत आणि पक्षी ज्या फांदीवर बसून गातो तिच्याजवळ मायक्रोफोन लपवावे लागत. त्यासाठी कॉख आधी काही दिवस त्या पक्ष्याचे निरीक्षण करीत व त्याच्या बैठकीच्या जागा आणि गाण्याच्या वेळा समजून घेत.

तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन ते चार मिनिटांचा आवाज मावत असे. एकदा कोरलेला चर पुसून पुन्हा वापरता येत नसे. त्यामुळे यंत्र नेमके केव्हा सुरू करावे, याला फार महत्त्व होते. पक्षी गप्प राहिला, वारा सुटला, दूरवर आगगाडी गेली किंवा कुत्रे भुंकले, तर तबकडी वाया जाई. पहाटेच्या अंधारात तासन्‌तास वाट पाहून काही क्षणांचा निर्दोष आवाज मिळवणे, हा त्यांच्या कामाचा नित्यक्रम होता. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फितीची यंत्रे आली, वजन घटले आणि मुद्रणाची मुदत वाढली. परंतु कॉख यांचे पायाभूत काम त्यापूर्वीच झाले होते.

नभोवाणीवरील कार्य

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉख बीबीसीच्या युरोपीय सेवेत काम करू लागले. युद्धानंतर मुलांच्या आणि ग्रामीण जीवनाविषयीच्या कार्यक्रमांतून त्यांचा आवाज घरोघरी पोहोचला. त्यांच्या इंग्रजी बोलण्यात जर्मन वळण स्पष्ट जाणवे आणि श्रोत्यांना ते आवडे. विनोदी अभिनेते पीटर सेलर्स यांनी त्यांच्या बोलण्याची नक्कल केली होती, यावरून त्यांच्या लोकप्रियतेची कल्पना येते. ज्या राष्ट्राशी ब्रिटन नुकतेच लढले होते, त्याच राष्ट्रात जन्मलेला एक निर्वासित इंग्रज श्रोत्यांना त्यांच्याच परसातील पक्षी ओळखायला शिकवत होता.

‘द नॅचरलिस्ट’ या निसर्गविषयक नभोवाणी मालिकेसाठी कॉख यांनी टिपलेला कर्ल्यू या पक्ष्याचा आवाज ओळखधून म्हणून वापरला गेला. लांब व खाली वळलेल्या चोचीचा हा पक्षी हिवाळ्यात महाराष्ट्राच्या खाड्यांमध्येही येतो. पक्ष्यांखेरीज कॉख यांनी राखाडी सीलसारख्या सागरी प्राण्यांचेही आवाज मुद्रित केले. त्यासाठी ते दूरच्या बेटांवर गेले. वयाची सत्तरी ओलांडल्यावरही ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी आइसलँडचा प्रवास केला.

ध्वनिसंग्रह आणि त्याची व्यवस्था

१९४८ मध्ये बीबीसीने कॉख यांचा ध्वनिसंग्रह घेतला. बीबीसीच्या निसर्गविषयक ध्वनिग्रंथालयाची ही सुरुवात होती. पुढे १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये वन्यजीवांच्या आवाजांचे स्वतंत्र राष्ट्रीय ग्रंथालय स्थापन झाले आणि कालांतराने ते ब्रिटिश लायब्ररीच्या ध्वनिविभागाचा भाग बनले.

एका व्यक्तीचा संग्रह संस्थेकडे गेला की त्याच्या स्वरूपात मोठा बदल होतो. संग्राहकाला कोणत्या तबकडीवर काय आहे हे आठवत असते. संस्थेला स्मरणावर विसंबता येत नाही. जीव कोणता, स्थळ कोणते, दिनांक व वेळ काय, आवाज गाण्याचा आहे की धोक्याच्या इशाऱ्याचा, मुद्रण कोणी व कोणत्या यंत्राने केले, ही माहिती प्रत्येक मुद्रणासोबत लिहिलेली असावी लागते. अशी नोंद नसलेला आवाज कितीही सुस्पष्ट असला तरी अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही. १८८९ चे शामाचे मुद्रण याचे उत्तम उदाहरण आहे. आजच्या मानाने त्याचा दर्जा सामान्य आहे आणि त्यात खरखर पुष्कळ आहे. परंतु पक्षी, वर्ष, शहर आणि मुद्रण करणारा मुलगा या चारही गोष्टी ज्ञात असल्यामुळेच ते इतिहासाचे साधन ठरले.

संगणकयुगातील वारसा

कॉख यांच्या काळी आवाज मिळवणे कठीण होते. आज खिशातील भ्रमणध्वनीवरही तो टिपता येतो, आणि अडचण नेमकी उलटी झाली आहे. मुद्रणे भराभर साठतात, पण कालांतराने त्यांतील हवे ते सापडत नाही. ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या प्रमाणाने केलेले एकमार्गी मुद्रण मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा घेते. म्हणजे एका तासाला ५०० मेगाबाइटहून अधिक जागा लागते. त्यामुळे वन्यजीवांचे ध्वनिमुद्रण करणारे अभ्यासक पुढील शिस्त पाळतात.

मूळ धारिका वेव्ह या असंक्षेपित स्वरूपात ठेवली जाते. एमपी-३ सारख्या स्वरूपात जागा वाचते, पण आवाजातील काही सूक्ष्म भाग कायमचा गळतो आणि ध्वनिआलेख काढताना ती उणीव भासते. मूळ धारिकेत कोणताही बदल केला जात नाही. काटछाट किंवा खरखर कमी करणे हे सर्व तिच्या प्रतीवर केले जाते.

यंत्राने आपोआप दिलेले क्रमांक काही दिवसांत निरर्थक होतात. म्हणून धारिकेच्या नावात आधी वर्ष, मग महिना व दिवस, त्यानंतर स्थळ, जीव आणि अनुक्रमांक लिहिला जातो. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात असलेल्या चकलांबा येथे १५ जून २०२४ रोजी पावशाचा आवाज टिपला असेल, तर धारिकेचे नाव ‘२०२४-०६-१५_चकलांबा_पावशा_०१’ असे ठेवता येते. वर्ष प्रथम लिहिल्यामुळे संगणक धारिका आपोआप कालक्रमाने लावतो. आवाज टिपून झाल्यावर लगेच त्याच मुद्रणात आपल्या तोंडाने स्थळ, वेळ, हवामान व जीवाचे नाव सांगण्याचीही पद्धत आहे. लेखी वही हरवली तरी ही नोंद आवाजाला चिकटून राहते.

प्रत्येक धारिकेची माहिती एका तक्त्यात भरली जाते. ओळख निश्चित नसेल तर तसे स्पष्ट लिहिले जाते. अंदाजाने नाव देणे टाळले जाते. सर्व धारिकांच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर व शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या जातात.

अशा रीतीने व्यवस्थित ठेवलेली मुद्रणे २००५ मध्ये नेदरलँड्‌समध्ये सुरू झालेल्या झेनो-कँटो या खुल्या संग्रहात किंवा कॉर्नेल विद्यापीठाच्या मकॉले लायब्ररीत जमा करता येतात. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या संगणक प्रणालीही अशाच नोंदयुक्त मुद्रणांवर घडवल्या जातात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्व

मराठी लोकजीवनात पक्ष्यांचा आवाज ऐकण्याची परंपरा जुनी आहे. पावशाच्या हाकेत शेतकऱ्याला पेरणीची आठवण ऐकू येते, टिटवीच्या ओरडण्याकडे रात्री लक्ष जाते आणि मोराची केका पावसाशी जोडली जाते. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात या आवाजांना ऋतूच्या खुणांचे मोल आहे. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे, तर गोदावरीवर पैठण येथील नाथसागराचा परिसर जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जातो. माळरान, ओढा व नदीकाठ यांचे स्वरूप बदलले की तेथील आवाजही बदलतात. परंतु पन्नास वर्षांपूर्वी त्या शिवारात पहाटे कोण गात होते, हे केवळ वडीलधाऱ्यांच्या आठवणीतूनच कळते. दिनांक व स्थळ यांची नोंद असलेले मुद्रण हाती असेल, तर पुढील पिढीला तुलना करता येईल. विद्यार्थ्यांना आणि शाळांनाही कमी खर्चात करता येण्याजोगे हे काम आहे.

सन्मान आणि अखेरचा काळ

१९५५ मध्ये कॉख यांचे ‘मेमॉयर्स ऑफ अ बर्डमॅन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. वन्यजीव ध्वनिमुद्रणातील कार्याबद्दल १९६० मध्ये ब्रिटिश शासनाने त्यांना ‘मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ हा किताब दिला. ४ मे १९७४ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

फोनोग्राफच्या कर्ण्यासमोर एक भारतीय पक्षी गात असताना सुरू झालेले त्यांचे कार्य मेणाचे नळकांडे, ग्रामोफोनची तबकडी आणि चुंबकीय फीत अशा तीन टप्प्यांतून गेले. ही तिन्ही साधने आज मागे पडली आहेत. शामाचे ते गाणे मात्र अद्याप ऐकता येते. कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी ते जुन्या साधनावरून नव्या साधनावर उतरवून घेतले आणि त्यासोबतची नोंदही जपली.